बाहेरचा कान करतो तरी काय?

आपल्या भाषेत कानाने किती जागा अडवली आहे पाहा! आपण कान देऊन ऐकतो, एखाद्या गोष्टीबद्दल कानाला खडा लावतो, कोणी कानामागून येऊन तिखट होते, आणि भिंतीलाही कान असतात म्हणून आपण हळू बोलतो. पण डोक्याच्या दोन्ही बाजूंना दिसणारा हा कान नेमके काय काम करतो, असे कोणी विचारले तर? ‘ऐकण्याचे,’ असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. परंतु ऐकण्याचे खरे इंद्रिय कवटीच्या हाडात खोलवर दडलेले असते. मग बाहेरचा हा घड्याघड्यांचा, वेडावाकडा भाग कशासाठी? चष्म्याच्या काड्या अडकवण्यासाठी किंवा दागिने घालण्यासाठी तर तो खासच निर्माण झालेला नाही.

कानाचे बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि अंतर्कर्ण असे तीन भाग असतात, हे तुम्ही शिकला आहात. त्यांपैकी बाह्यकर्णाच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते: ‘बाह्यकर्ण ध्वनिलहरी गोळा करून आत पाठवतो.’ हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. बाह्यकर्ण हे एक कसलेले उपकरण आहे. त्याची प्रत्येक घडी, त्याची वाकडी नळी, इतकेच काय, त्यातला मळसुद्धा कामाचा आहे. हे उपकरण कसे चालते ते कळले म्हणजे त्याला कसे जपावे तेही आपोआप कळते. तेव्हा एक आरसा हाताशी घ्या आणि आपल्याच कानापासून सुरुवात करा.

आरशातली ओळख

प्रथम शब्दांची गल्लत टाळू या. बोलताना आपण ‘कानाची पाळी’ म्हणतो, ती खालच्या लोंबत्या, मऊ भागाला. शास्त्राच्या पुस्तकात ‘कर्णपाळी’ म्हणजे बाहेर दिसणारा सबंध कान. या लेखातही आपण तसेच म्हणू.

आता आरशात पाहा. कर्णपाळीची बाहेरची वळलेली कड आहे, तिला ‘हेलिक्स’ म्हणतात. ग्रीक भाषेत हेलिक्स म्हणजे वेटोळे. या कडेच्या आत, तिला जवळजवळ समांतर अशी दुसरी उंच घडी आहे, ती ‘अँटिहेलिक्स’. ही घडी वरच्या बाजूला दोन फाट्यांत विभागते आणि त्या फाट्यांमध्ये एक लहानसा त्रिकोणी खळगा तयार होतो. मध्यभागी वाटीसारखी खोल जागा आहे. तिचे नाव ‘काँका’, म्हणजे शिंपला किंवा शंख. याच वाटीच्या तळाशी कानाचे भोक आहे.

भोकाच्या पुढे, गालाच्या बाजूला एक लहानसा उंचवटा हाताला लागेल. मोठा आवाज झाला की आपण बोटाने हाच उंचवटा दाबून कान बंद करतो. त्याचे नाव ‘ट्रॅगस’. ग्रीक भाषेत याचा अर्थ बोकड! म्हाताऱ्या पुरुषांच्या कानात या जागी केसांचा झुबका उगवतो, तो बोकडाच्या दाढीसारखा दिसतो, म्हणून हे नाव. त्याच्या समोर, खाचेच्या पलीकडे असलेला छोटा उंचवटा म्हणजे ‘अँटिट्रॅगस’. आणि सर्वांत खाली पाळी.

तुमच्या शेजारच्या मित्राच्या कानात हे सगळे भाग असतील, पण त्यांचे आकार, खोली आणि वळणे तुमच्यासारखी नसतील. दोन माणसांचे कान तंतोतंत सारखे सापडत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

हाड नव्हे, कूर्चा

कर्णपाळी दुमडून सोडा. ती लगेच पूर्वस्थितीला येते. तिच्या आत हाड नसते, तर ‘कूर्चा’ नावाच्या लवचिक ऊतीचा एकच सलग पत्रा असतो आणि त्यावर पातळ त्वचा ताणून बसवलेली असते. वरच्या सगळ्या घड्या या कूर्चेच्याच आहेत. पाळीत मात्र कूर्चा नसते. तेथे फक्त चरबी, तंतुमय ऊती आणि त्वचा असते. बोटांनी चाचपून पाहा, फरक स्पष्ट कळेल.

या फरकाला व्यवहारात फार महत्त्व आहे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर एक पातळ वेष्टन असते आणि त्यातील रक्तवाहिन्यांकडून तिला पोषण झिरपत मिळते. वेष्टन कूर्चेपासून सुटले की कूर्चेची उपासमार सुरू होते.

तालमीत मेहनत करणाऱ्या एखाद्या जुन्या पैलवानाचे कान आठवा. ते जाड, गाठाळलेले आणि आक्रसलेले दिसतात. कुस्तीत कान सारखा रगडला जातो, वेष्टन आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साठते आणि कूर्चेचे पोषण तुटते. मग साठलेल्या रक्ताच्या जागी कठीण, वेडीवाकडी ऊती तयार होते आणि घड्या बुजून जातात. असे रक्त साठल्याबरोबर डॉक्टरकडून ते काढून घेतले, तर कान वाचू शकतो.

‘सोनारानेच कान टोचले पाहिजेत’ ही म्हण तुम्हांला ठाऊक आहे. पूर्वीचा सोनार कुडीसाठी टोचत असे तो पाळीला. पाळीला रक्तपुरवठा चांगला असतो, त्यामुळे ती जखम सहसा लवकर भरते. बुगडी किंवा भिकबाळी मात्र कानाच्या वरच्या भागात घालतात. तेथे टोचताना सुई कूर्चेतून जाऊ शकते. तेथे जंतुसंसर्ग झाला तर तो चिवट ठरतो आणि कूर्चा नासून कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. म्हणून वरचा कान टोचायचाच असेल, तर निर्जंतुक सुईने आणि जाणकाराकडूनच टोचून घ्यावा. टोचल्यावर वरचा कान लाल होऊन सुजला, ठणकू लागला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टर गाठावा.

पाळी फाटण्याचा प्रश्नही जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत फाटलेली पाळी सांधण्याच्या १५ रीती दिल्या आहेत. पाळीच उरली नसेल, तर गालाची जिवंत त्वचा वळवून ती तयार करण्याची कृतीही तेथे सांगितली आहे.

पाळी सुटी की गालाला चिकटलेली, हा आनुवंशिकतेच्या धड्यातला आवडता विषय. सुटी पाळी प्रभावी आणि चिकटलेली अप्रभावी, एकाच जनुकाचा हा खेळ, असे पुष्कळ ठिकाणी शिकवले जाते. वस्तुस्थिती इतकी सोपी नाही. वर्गातल्या ४० मुलांचे कान पाहिले, तर काही पाळ्या पूर्ण सुट्या, काही पूर्ण चिकटलेल्या, पण बऱ्याचशा मधल्याच आढळतील. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात या लक्षणाशी संबंधित अशा ४९ जागा माणसाच्या जनुकसंचात सापडल्या. शिक्षकांनी हे उदाहरण देताना एवढी सावधगिरी बाळगावी.

सहा उंचवटे आणि एक टोक

हा घड्यांचा आकार तयार कसा होतो? आईच्या पोटात गर्भ सुमारे सहा आठवड्यांचा असताना त्याच्या भावी जबड्याच्या मागे, मानेच्या जवळ, सहा लहान उंचवटे दिसू लागतात. तीन पुढे, तीन मागे. हे उंचवटे वाढतात, एकमेकांत मिसळतात आणि त्यांतून कर्णपाळी घडते. खालचा जबडा वाढू लागला की कान हळूहळू वर सरकत आपल्या नेहमीच्या जागी येतो. या घडणीत अडथळा आला, तर मूल लहान किंवा अपुऱ्या कानाने जन्माला येते. अशा मुलांना आज शल्यविशारद त्यांच्याच बरगडीच्या कूर्चेतून कान कोरून देऊ शकतात. अमेरिकेतील रॅडफर्ड टँझर यांनी ही पद्धत १९५९ साली मांडली.

आता हेलिक्सच्या आतल्या कडेवरून, वरच्या बाजूला, बोट फिरवा. काहींना तेथे एक बारीक टोक किंवा जाडसर ठिपका लागेल. काहींना लागणार नाही. टॉमस वूल्नर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने टोकदार कानांच्या ‘पक’ या यक्षाची मूर्ती घडवताना माणसांचे कान बारकाईने पाहिले आणि ही गोष्ट चार्ल्स डार्विनच्या नजरेस आणली. डार्विनने १८७१ सालच्या ‘द डिसेंट ऑफ मॅन’ या ग्रंथात तिची नोंद केली. आपल्या दूरच्या पूर्वजांचे कान टोकदार होते आणि कड आत वळल्यावर ते टोक असे आतल्या बाजूला उरले, असा त्याचा तर्क होता.

पूर्वजांची दुसरी खूण म्हणजे कान हलवणारे स्नायू. कानाच्या पुढे, वर आणि मागे असे तीन स्नायू आपल्यालाही आहेत. पण ते इतके दुबळे आहेत की बहुतेकांना कान हलवता येत नाही. वर्गात एखादा पठ्ठ्या कान हलवून दाखवतो, तो याच स्नायूंच्या जोरावर! मांजराकडे पाहा. बसल्या जागी, मान न वळवता, ते एक कान पुढे आणि एक मागे करून आवाजाचा वेध घेते. आपल्याला ते जमत नाही. मग न हलणाऱ्या कानांनी आवाजाची दिशा आपल्याला कळते कशी?

आवाज वरून की मागून?

डावीकडचा आवाज डावीकडचाच आहे, हे ओळखणे त्या मानाने सोपे आहे. तो डाव्या कानात आधी पोहोचतो आणि उजव्या कानात डोक्याला वळसा घालून किंचित उशिरा. हा उशीर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदूला तो पुरतो. शिवाय डोक्याच्या आडोशामुळे पलीकडच्या कानात आवाज थोडा मंद होतो.

पण आवाज अगदी समोरून आला तर? किंवा बरोबर डोक्यावरून? किंवा थेट पाठीमागून? या तिन्ही वेळी तो दोन्ही कानांत एकाच वेळी आणि सारख्याच जोराने पोहोचतो. वेळेचा फरक शून्य. तरीही झाडावरची चिमणी वर आहे आणि सायकलची घंटी मागे आहे, हे आपण डोळे मिटूनही सांगतो.

येथे कर्णपाळीच्या घड्या कामी येतात. आवाजाचा काही भाग थेट भोकात शिरतो. काही भाग घड्यांवर आणि वाटीच्या भिंतीवर आदळून, परावर्तित होऊन, किंचित उशिरा शिरतो. हे दोन भाग एकमेकांत मिसळले की काही स्वर बळावतात, तर काही क्षीण होतात. आवाज वरून आला तर तो एका घडीवर आदळतो, समोरून आला तर दुसऱ्या. म्हणून कोणते स्वर बळावतील आणि कोणते क्षीण होतील, ते दिशेप्रमाणे बदलते. जणू प्रत्येक दिशेचा वेगळा शिक्का आवाजावर उमटतो आणि मेंदू तो शिक्का वाचतो.

हे फक्त उंच, बारीक स्वरांच्या बाबतीत घडते. नदीच्या पात्रात रोवलेली बारीक काठी मोठ्या लाटेला अडवू शकत नाही. लाट तिच्या दोन्ही बाजूंनी निघून जाते. त्याचप्रमाणे १०० हर्ट्‌झ वारंवारतेच्या घुमणाऱ्या आवाजाची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते. सेंटिमीटरभर घडीची त्याला दखलही नसते. ७,००० हर्ट्‌झच्या स्वराची तरंगलांबी मात्र ५ सेंटिमीटरच्या आत असते. घड्या त्याच्यावरच परिणाम करतात.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आठवा. प्रत्येकाचे कान वेगळे, म्हणजे प्रत्येकाचे शिक्केही वेगळे. ते वाचायला मेंदूला शिकावे लागते. नेदरलँड्‌समधील शास्त्रज्ञांनी १९९८ साली याची सुंदर परीक्षा घेतली. त्यांनी चार जणांच्या दोन्ही कानांच्या वाटीत साचे बसवून घड्यांचा आकार बदलला. त्याबरोबर त्यांना आवाज वर आहे की खाली, हे सांगता येईना. डावे-उजवे मात्र पूर्वीसारखेच कळत होते. ते साचे घालूनच वावरू लागले आणि काही आठवड्यांत मेंदू नवे ‘कान’ शिकला. पुढे साचे काढल्यावर काय झाले असेल? जुन्या कानांनी त्यांना लगेच पूर्वीसारखे ऐकू येऊ लागले. नवी भाषा शिकल्यावर मातृभाषा विसरत नाही, तसेच हे झाले.

कानात घालायच्या इअरफोनमधून गाणे ऐकताना ते डोक्याच्या आत वाजते आहे असे का वाटते, तेही आता ध्यानात येईल. तो आवाज घड्यांना टाळून थेट नळीत शिरतो. त्यावर दिशेचा शिक्काच नसतो.

करून पाहा

एका मित्राला खुर्चीवर बसवा, त्याचे डोळे बांधा आणि डोके अजिबात हलवू नको असे सांगा. त्याच्यापासून हातभर अंतरावर किल्ल्यांचा जुडगा कधी समोर, कधी डोक्यावर, कधी मागे वाजवा. प्रत्येक जागी दहादा वाजवा, पण क्रम बदलत राहा. त्याने दिशा सांगायची आणि तुम्ही वहीत बरोबर-चूक लिहायचे. मग त्याला दोन्ही कर्णपाळ्या हातांनी डोक्याला चपट्या दाबून धरायला सांगा. भोक झाकले जाणार नाही याची काळजी घ्या. प्रयोग पुन्हा करा. चुका वाढतात का, आणि कोणत्या दिशांच्या वाढतात, ते पाहा. जुडग्याऐवजी तोंडाने हलकेच ‘हूं’ असा घुमणारा आवाज काढला तर काय फरक पडतो, तेही तपासा.

अडीच सेंटिमीटरची नळी

बेडकाच्या डोळ्यामागे एक गोल चकती दिसते. ती म्हणजे त्याच्या कानाचा पडदा. बेडकाला बाह्यकर्ण नाही, त्यामुळे त्याचा पडदा उघड्यावरच आहे. आपला पडदा मात्र सुमारे २.५ सेंटिमीटर लांबीच्या कर्णनलिकेच्या टोकाशी सुरक्षित आहे.

ही नळी सरळ नाही. तिला नागमोडी वळण आहे. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा आणि आतला दोन तृतीयांश भाग शंखास्थी या हाडाचा असतो. डॉक्टर कान तपासताना मोठ्या माणसाची कर्णपाळी वर आणि मागे ओढतात, ते नळी सरळ व्हावी म्हणून. नळीची रुंदी सुमारे ७ मिलिमीटर असते. पडद्याच्या थोडे अलीकडे ती आणखी अरुंद होते. आतल्या भागातली त्वचा फार पातळ असून हाडाला घट्ट चिकटलेली असते, म्हणून तेथे नुसता धक्का लागला तरी कळ येते. काहींना कानात काडी लागताच खोकला येतो. घसा व फुफ्फुसे यांच्याकडे जाणाऱ्या एका मोठ्या मज्जातंतूची बारीक शाखा कर्णनलिकेच्या त्वचेतही येते, त्याचा हा परिणाम.

नळी पडद्याचे रक्षण करते, हे झाले तिचे एक काम. दुसरे काम आवाज वाढवण्याचे. परीक्षानळीच्या तोंडावर फुंकर मारा. एक ठरावीक स्वर निघतो. एका टोकाला बंद असलेली नळी ज्या स्वराची तरंगलांबी तिच्या लांबीच्या चौपट असेल, त्या स्वराला उत्तम साथ देते. याला ‘अनुस्पंदन’ म्हणतात. आपली कर्णनलिकाही एका टोकाला पडद्याने बंद आहे. हिशेब करू या. लांबी २.५ सें.मी., चौपट १० सें.मी. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर, म्हणजे ३४,००० सें.मी. त्याला १० ने भागले की उत्तर येते ३,४०० हर्ट्‌झ. प्रत्यक्ष मोजमापात हा आकडा थोडा कमी, ३,००० च्या आसपास भरतो. कारण नळी मोकळ्या हवेत न उघडता वाटीत उघडते. वाटीचे स्वतःचे अनुस्पंदन ५,००० हर्ट्‌झच्या जवळ असते. दोहोंचा मिळून परिणाम असा, की ३,००० हर्ट्‌झच्या आसपासच्या आवाजाचा दाब पडद्यापाशी पोहोचेपर्यंत पाच ते दहा पट झालेला असतो. वीज नाही, बॅटरी नाही, केवळ आकाराची ही किमया!

नेमके हेच स्वर आपल्या उपयोगाचे. ‘ताप, थाप, साप, शाप, चाप’ हे शब्द म्हणून पाहा. सगळ्यांत ‘आ’ तोच आणि शेवटचा ‘प’ही तोच. फरक फक्त सुरुवातीच्या व्यंजनाचा. स्वरांचा जोर खालच्या वारंवारतेत असतो, पण अशा व्यंजनांची ओळख पटवणारा भाग बराचसा २,००० हर्ट्‌झच्या वर असतो. म्हणून वरची वारंवारता ऐकू येईनाशी झालेली आजी म्हणते, ‘तुझा आवाज येतो रे, पण शब्द कळत नाही.’

या सोयीला दुसरी बाजूही आहे. जी नळी हळू आवाज वाढवते, ती कर्कश आवाजही वाढवते. सततच्या गोंगाटाने होणारा बहिरेपणा बहुधा ४,००० हर्ट्‌झच्या आसपास प्रथम दिसतो, त्यामागे नळीच्या या अनुस्पंदनाचा मोठा वाटा आहे. बाह्यकर्णाला पापणी नाही. तो मिटता येत नाही. मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर उभे राहिलात, तर त्याच्या वतीने मागे सरकण्याचे काम तुमच्या पायांनाच करावे लागते.

मळ नव्हे, मलम

कर्णनलिकेच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागात केस आणि दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. काही तेलकट पदार्थ स्रवतात, तर काही घर्मग्रंथींच्या बदललेल्या रूपातल्या असतात. दोहोंचे स्राव आणि गळून पडलेल्या त्वचेचे कण मिळून जे बनते, त्याला आपण कानातला मळ म्हणतो. नावावरून ती घाण वाटते, पण ते खरे पाहता नळीचे मलम आहे. त्याच्या तेलकटपणामुळे पाणी त्वचेत मुरत नाही, धूळ चिकटून राहते आणि त्याच्या किंचित आम्लधर्मामुळे जंतूंची व बुरशीची वाढ रोखली जाते.

हा मळ काहींचा ओला, चिकट असतो, तर काहींचा कोरडा, कोंड्यासारखा. पूर्व आशियातील बहुतेक लोकांचा मळ कोरडा असतो. २००६ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की एकाच जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलाने हा फरक पडतो. पाळीचे उदाहरण एका जनुकाचे नव्हे, पण मळाचे मात्र आहे!

मग हा मळ साठत का नाही? कारण नळीची त्वचा चालते. होय, चालते! पडद्याच्या मध्यापासून निघून ती कडेकडे आणि मग नळीतून बाहेरच्या दिशेने सरकत राहते. वेग असतो दिवसाला सुमारे एक दशांश मिलिमीटर, म्हणजे जवळपास आपली नखे वाढतात तेवढाच. गिरणीतल्या फिरत्या पट्ट्याप्रमाणे ती आपल्यासोबत मळही बाहेर आणते. बोट कानाच्या भोकावर ठेवून तोंडाची उघडझाप करा. नळीची पुढची भिंत हललेली जाणवेल, कारण जबड्याचा सांधा तिला लागूनच आहे. बोलताना आणि चावताना होणारी ही हालचालही मळ बाहेर सरकवायला मदत करते.

आता या पट्ट्यावर आपण उलट्या दिशेने काडी घातली तर काय होईल? बाहेर येत असलेला मळ पुन्हा आत ढकलला जातो, अरुंद जागेपलीकडे जाऊन बसतो आणि तेथून त्याला परत येणे कठीण होते. म्हणजे रोज कान कोरणाऱ्याच्याच कानात मळाचा खडा होण्याची भीती अधिक. कापसाची काडी, केसाची पिन, आगपेटीची काडी, कानकोरणे, सगळ्यांची गोष्ट एकच. रस्त्यावर बसून कान साफ करून देणाऱ्याची सळई तर एका कानातून दुसऱ्याच्या कानात जाते. ती आणखीच वाईट.

हे ध्यानात ठेवा

अंघोळीनंतर कर्णपाळी आणि भोकाचे तोंड टॉवेलने पुसले की पुरे. दमट हवेत, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात, ओल्या आणि कोरून खरचटलेल्या नळीत बुरशी सहज वाढते. खाज, ठणका, दडा बसणे अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना दाखवावे. पडद्याला भोक असेल तर तेल मध्यकर्णात उतरते, म्हणून ठणकणाऱ्या किंवा वाहणाऱ्या कानात आपल्या मनाने कोमट तेल ओतू नये. लहान मुलाने कानात वाटाणा किंवा हरभरा घातला, तर पाणी घालू नये. दाणा फुगून अधिकच घट्ट बसतो. चिमट्याने ओढू नये. तो आत सरकतो. सरळ दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट, आणि ही विद्यार्थ्यांइतकीच मोठ्यांसाठीही आहे. रागाच्या भरात ‘कानाखाली आवाज काढणे’ हा प्रकार आपल्याकडे फार हलक्याने घेतला जातो. उघडा तळवा जोराने कानावर बसला, की नळीचे तोंड क्षणभर बंद होते, आतली हवा दाबली जाते आणि तो दाब थेट पडद्यावर आदळतो. पडदा फाटायला अशी एक थप्पड पुरते. शिक्षण हक्काच्या २००९ सालच्या कायद्याने विद्यार्थ्यांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केलीच आहे; पण कर्णनलिकेची रचना ज्याला समजली, त्याचा हात कायद्यावाचूनही थांबावा.

कान वयाबरोबर वाढतात, असे आजोबांकडे पाहून तुम्हांला वाटले असेल. ते खरे आहे. इंग्लंडमधील डॉक्टरांनी १९९५ साली २०६ जणांचे कान मोजले, तेव्हा कानाची लांबी वर्षाला सरासरी ०.२२ मि.मी. वाढते असे आढळले. म्हणजे ५० वर्षांत सुमारे १ सेंटिमीटर. कान लांब झाला म्हणून ऐकू जास्त येत नाही, हेही आजोबा तुम्हांला सांगतील. त्यांच्याशी बोलताना समोर या, चेहरा दिसू द्या, ओरडू नका आणि शब्द सुटे उच्चारा. ते कानामागे तळहात धरतात, तेव्हा आपली कर्णपाळीच मोठी करून घेत असतात. तुम्हीही तसे करून पाहा आणि कोणते आवाज अधिक वाढतात, घुमणारे की बारीक, ते स्वतःच्या कानाने ठरवा.

विचार करा

१. कर्णनलिकेची लांबी २.५ सें.मी. ऐवजी १.२५ सें.मी. असती, तर कोणत्या वारंवारतेचा आवाज सर्वांत जास्त वाढला असता? तान्ह्या बाळाची नळी आपल्यापेक्षा आखूड असते. त्यावरून काय अनुमान काढाल?

२. एका कानावर हात ठेवून आंगणात डोळे मिटून उभे राहा. कोणत्या प्रकारची दिशा ओळखणे कठीण जाते? का?

३. पैलवानाच्या कानाच्या घड्या बुजल्या, तर त्याच्या ऐकण्यातल्या कोणत्या गोष्टीवर परिणाम होईल आणि कोणत्या गोष्टीवर होणार नाही?

४. वर्गातील सर्वांच्या पाळ्या पाहून ‘सुटी’ आणि ‘चिकटलेली’ असे दोनच गट पाडण्याचा प्रयत्न करा. कोठे अडचण येते, ते वहीत लिहा.